खिंडीपासून सतराशे सत्त्याहत्तर पावलं

मंगळवारी पहाटे पाच वाजून चाळीस मिनिटांनी पाच माणसं गावाबाहेरचा लोखंडी पूल ओलांडून नदीच्या उजव्या काठाने वर निघाली. तीन विद्यार्थी, एक शिक्षिका आणि परीक्षा मंडळाचे एक निरीक्षक. काम ठरलेलं होतं. पुलापासून नदीच्या उगमापर्यंत चालायचं, चालताना मोजायचं आणि मोजलेल्याचा नकाशा काढून आणायचा. छापील नकाशा पाहायचा नाही. चूक विसात एकापेक्षा जास्त चालणार नाही. मुदत सहा दिवस.

नकाशा मंजूर झाला, तर शाळेतला ‘उघडा वर्ग’ चालू राहणार होता. नामंजूर झाला, तर बंद.

या वर्गाला भिंती नव्हत्या, म्हणून ते नाव. दोनदा नापास झालेल्या मुलांना तिकडे पाठवत. वर्ग चालवणाऱ्या मोजणीबाई त्याआधी सत्तावीस वर्षं भूमापन खात्यात होत्या. त्या फळ्यावर काही लिहीत नसत, कारण त्यांना फळा दिलाच नव्हता. क्षेत्रफळ शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी मुलांना शाळेच्या पत्र्याला किती रंग लागेल ते काढायला लावलं, आणि मग पत्रा रंगवायलाही लावला. रंग पाऊण डबा कमी पडला. “तो पाऊण डबा कुठे गेला ते शोधा,” एवढंच बाई म्हणाल्या. शोधायला तीन दिवस लागले; तो पत्र्याच्या पन्हळींत गेला होता. मुख्याध्यापकांच्या मते तो धडा चाळीस मिनिटांत संपायला हवा होता.

तिघांपैकी टोळ सगळ्यांत उंच. हातापायांच्या नुसत्या काड्या, आणि तोंडाला कुलूप नाही. थोरली ही बेकरीवाल्याची मुलगी. चार भावंडांत मोठी आणि रोज शाळेआधी बापाबरोबर पीठ मळून आलेली, त्यामुळे तिच्याशी पंजा लढवायला कोणी बसत नसे. तिसरी पुटपुटी. वय सोळा. ती मोजताना पुटपुटते. जिना चढताना, भांडी घासताना, परीक्षेत तर हमखास. जुन्या वर्गात याच कारणासाठी तिला बाकावर उभं करत. उघड्या वर्गात पहिल्या दिवशी बाई म्हणाल्या, “जरा मोठ्यानं पुटपुट. मला ऐकू आलं पाहिजे.”

वर्ग बंद पडला तर टोळ आणि थोरली पुन्हा जुन्या वर्गात बसू शकत होते. पुटपुटीची वयाची मर्यादा संपली होती. तिला शाळाच सोडावी लागणार होती. तिच्या मामाने आपल्या लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलाजवळची जागा तिच्यासाठी रिकामी ठेवली होती.

पावलं मोजायचं काम तिच्याकडेच होतं.

पद्धत साधी होती. शाळेच्या मैदानात पुटपुटी दोनशे वेळा शंभर पावलं चालली होती. शंभर पावलांचं अंतर सरासरी बहात्तर मीटर निघालं. म्हणजे एक पाऊल बहात्तर सेंटीमीटर. उजव्या खिशात खडे भरायचे, शंभर पावलं झाली की एक खडा डाव्या खिशात टाकायचा. टोळ होकायंत्र धरून दिशा सांगायचा. थोरली वहीत लिहायची. वहीच्या पानावर मधोमध रेघ होती. डावीकडे ‘पाहिलं’, उजवीकडे ‘ऐकलं’. जे स्वतः पाहिलं नाही ते डावीकडे लिहायचं नाही, हा त्या वर्गाचा एकमेव लिखित नियम.

“आणि पुस्तकात वाचलेलं?” निरीक्षकांनी पहिल्या मुक्कामावर विचारलं होतं.

“उजवीकडे,” थोरली म्हणाली.

“मंडळाच्या पुस्तकातलं असलं तरी?”

“साहेब, ते तर अगदी उजवीकडे. समासात.” टोळ म्हणाला.

निरीक्षक हसले नाहीत. बावन्न वर्षांचा हा माणूस, पायात कोरे करकरीत बूट, पाठीवर शिस्तीत बांधलेली पिशवी. त्यांच्या आतल्या खिशात छापील नकाशा होता. तो मुलांना दाखवायचा नाही, काही सांगायचं नाही, फक्त पाहायचं आणि अहवाल द्यायचा, असा त्यांना आदेश होता. पहिल्या दिवशी त्यांनी तो अक्षरशः पाळला. टोळ चिखलात कमरेपर्यंत रुतला, तेव्हाही ते काठावर उभे राहून वेळ टिपून घेत होते.

दुसऱ्या दिवशी झाडी संपली. नदी दोन भिंतींसारख्या कड्यांमधून वाहत होती आणि काठाची वाट तिने मागच्याच पुरात गिळली होती. पाचही जणांनी एकमेकांना दोराने बांधून गुडघाभर पाण्यातून तीनशे मीटर घळ पार केली. पाणी इतकं गार होतं, की पन्नास पावलांत पायांची बोटं आहेत की नाहीत ते कळेना. पुटपुटीचा आकडा मात्र चुकला नाही. दात वाजत होते त्या तालावर ती मोजत राहिली. घळीपलीकडे मेंढपाळांची दगडी खोपी होती. दार नाही, पण छप्पर शाबूत. मुक्काम तिथे पडला.

गुरुवारी सकाळी सात वाजता ते खोपीतून निघाले. डोंगराच्या कुशीतून जाणारी अरुंद वाट दीड तासाने मेंढपाळांनी रोवलेल्या गुडघ्याएवढ्या लाकडी खांबापाशी आली. तिथून वाट सोडून उजवीकडे वळायचं आणि बर्फाच्या रुंद उतारावरून सरळ खिंडीपर्यंत चढायचं. नदी डोंगराला वळसा घालून येत होती; तिचा उगम खिंडीपलीकडे. पुटपुटीने खांबाला हात लावला, खिसे तपासले आणि एक म्हटलं.

खांबापासून खिंड दोन हजार तीनशे दहा पावलं भरली. बहात्तर सेंटीमीटरने सोळाशे त्रेसष्ट मीटर. थोरलीने ते डाव्या रकान्यात लिहिलं.

पण ते लिहिण्याआधी, खिंड अगदी पन्नास पावलांवर असताना, वरून दगड सुटला. आधी आवाज आला. सुपात धान्य पाखडावं तसा. “खाली बसा!” बाई ओरडल्या. चौघं बसले. बाई मात्र पुटपुटीला बाजूला ढकलण्यासाठी दोन पावलं पुढे गेल्या होत्या. डोक्याएवढा दगड त्यांच्या उजव्या गुडघ्यावर आदळला आणि खाली उड्या मारत दिसेनासा झाला.

बाई ओरडल्या नाहीत. बसल्या, पायावर हात फिरवला आणि म्हणाल्या, “वाटी सरकलीय. बहुतेक मोडलीच.”

थोरलीने त्यांना पाठीवर घेऊन खिंडीत आणलं. दुपारचे बारा वाजून वीस मिनिटं झाली होती. पलीकडे धुकं होतं. एकदा ते क्षणभर फाटलं आणि खाली करड्या दगडांचा उतार आणि एक काळपट वळण दिसलं. पाणी की सावली, सांगता येईना. मग धुकं मिटलं. ते आता खिंडीच्या दिशेनेच वर येत होतं, आणि बर्फ भुरभुरायला लागला होता.

“जेमतेम एक किलोमीटर असेल,” टोळ म्हणाला. “मी आणि पुटपुटी पळत जातो, बघतो, मोजतो, येतो. तासाभरात. एवढं आलोय आणि तोंडाशी आलेला घास टाकायचा?”

“बाई, काय करायचं?” थोरलीने विचारलं.

“तुम्ही सांगा,” बाई म्हणाल्या. त्यांचे ओठ पांढरे पडले होते. “मोजणी तुमची आहे.”

सगळे पुटपुटीकडे पाहू लागले. पुढे गेलं नाही तर नकाशा अपुरा, आणि अपुरा नकाशा म्हणजे लाँड्री, हे तिथल्या प्रत्येकाला माहीत होतं. निरीक्षकांनाही.

“दोर एकच आहे,” पुटपुटी म्हणाली. “आम्ही तो नेला तर बाईंना उतरवायला काही राहत नाही. नाही नेला तर आम्हाला काही राहत नाही. खाली चला.”

“अगं पण तुझं...”

“टोळ्या, खाली चल म्हटलं ना!”

पावणेएकला उतरायला सुरुवात झाली. पहिल्या दहा मिनिटांत धुक्याने सगळं गिळलं. काठी पुढे धरली तर काठीचं टोक दिसेना. सकाळचे ठसे ताज्या बर्फाखाली बुजले होते. दिशा होकायंत्र सांगत होतं. प्रश्न फक्त अंतराचा होता. खांबापाशी डावीकडे वळलं तर वाट, वाट धरली तर खोपी. खांब चुकला आणि सरळ खाली गेलं, तर उतार संपतो तिथे कडा. सकाळी त्यांनी तो बाजूने पाहिला होता. खाली शंभर मीटर मोकळी हवा, आणि मग नदी.

पुढे टोळ, दोराला बांधलेला. त्याच्या मागे दहा मीटरवर पुटपुटी. मग थोरली आणि निरीक्षक, दोघांच्या खांद्यांवर हात टाकून मध्ये एका पायावर बाई.

“...आठशे नव्व्याण्णव, नऊशे.” खडा.

“किती राहिली?” निरीक्षकांनी विचारलं.

“चौदाशे दहा.”

निरीक्षक आणखी काही पावलं चालले. मग थांबले आणि आतल्या खिशातून छापील नकाशा काढला. तीन दिवसांत पहिल्यांदा.

“ऐका. हे मी सांगायला नको, पण सांगतो. खांबाची जागा यात आहे. खिंडीपासून चौदाशे मीटर. तुमच्या सोळाशे त्रेसष्टवर गेलो तर आपण कड्यावरून खाली जाऊ.”

“आमचं मोजलेलं आहे, साहेब,” टोळ ओरडला. “तुमचं छापलेलं आहे!”

“छापण्याआधी कोणीतरी मोजलंच असेल ना, बाळ?” बाई मधूनच म्हणाल्या.  दुखण्याने त्यांची मान खाली गेली होती.

पुटपुटीने हिशोब केला. चौदाशे मीटर, बहात्तरच्या पावलाने एकोणीसशे चव्वेचाळीस. “ठीक,” ती म्हणाली. “एकोणीसशे चव्वेचाळीसला थांबून शोधू. नाही सापडला तर पुढे.”

दोन्ही बाजूंना ते पटलं. दोन्ही बाजू चुकत होत्या.

एकोणीसशे पंचवीस. एकोणीसशे सव्वीस...

टोळ नाहीसा झाला!

ओरडला नाही, की घसरल्याचा आवाज नाही. बर्फाचा एक ओठ तुटला आणि तो त्याच्यासकट खाली गेला. दोर सणकन ताणला. पुटपुटी तोंडावर आपटली आणि उताराने ओढली जाऊ लागली. एक मीटर. दोन मीटर. हातमोजा फाटला. तिने काठी बर्फात खुपसली. काठी वाकली, पण टिकली!

“थोरले!”

थोरलीने बाईंना निरीक्षकांच्या अंगावर जवळजवळ टाकलंच. तिने दोर पकडला, बर्फातून वर आलेल्या एका खडकाला त्याचा वळसा दिला, दुसरा दिला, आणि टाच रोवून मागे झुकली. ओढणं थांबलं.

“टोळ्या!”

खालून, बऱ्याच खालून, आवाज आला. “मी आहे! पायाखाली काही नाहीय! नदी ऐकू येतेय!”

“हलू नकोस!”

“हलायला जागाच नाहीय गं!”

बाईंना बर्फावर बसवून निरीक्षक रांगत पुढे आले. छापील नकाशा त्यांच्या हातातून केव्हाच उडाला होता. तिघांनी मिळून ओढलं. एक हात. थांब. श्वास. एक हात. थांब. थोरलीच्या तळव्यांची सालं निघाली. अकरा मिनिटांनी टोळाची बोटं काठावर दिसली, मग टोपी नसलेलं डोकं. तो वर आला आणि पालथा पडून राहिला.

“काय दिसलं?” पुटपुटीने विचारलं.

“माझे आजोबा,” टोळ म्हणाला. “ये म्हणत होते.”

 निरीक्षक पुन्हा बाईंजवळ जाऊन ओरडले, “तो खांब गेला कुठे? एकोणीसशे चव्वेचाळीसही झाली नव्हती!”

 पुटपुटी गुडघ्यांवर बसून आपल्याच ठशांकडे पाहत होती. ताजे दहाबारा ठसे अजून बुजले नव्हते. तिने काठी आडवी टाकली. काठीवर दर सेंटीमीटरला खूण होती. एका टाचेपासून दुसऱ्या टाचेपर्यंत अठ्ठ्याहत्तर. पुढचं अंतर अठ्ठ्याहत्तर. त्यापुढचं एकोणऐंशी.

ती उठली आणि ठशांशेजारून दहा पावलं वर चढली. पुन्हा काठी टाकली. साठ. एकोणसाठ. साठ.

“बाई,” ती म्हणाली, “माझं पाऊल बदलतंय. चढताना साठ आणि उतरताना अठ्ठ्याहत्तर. बहात्तर फक्त मैदानात.”

बाईंनी मान वर केली. “मग?”

पुटपुटी पुटपुटू लागली. मोठ्याने. सकाळची दोन हजार तीनशे दहा पावलं, साठने. तेराशे शहाऐंशी मीटर. भागिले अठ्ठ्याहत्तर. सतराशे सत्त्याहत्तर.

“खांब सतराशे सत्त्याहत्तरला होता. आपण एकोणीसशे सव्वीसला आहोत. एकशे एकोणपन्नास पावलं जास्त आलो. ती उतरायची पावलं. वर जाताना...” ओठ हलले. “एकशे चौऱ्याण्णव.”

निरीक्षकांनी विचारलं, “नक्की?”

“नक्की खांबापाशी कळेल,” पुटपुटी म्हणाली. “चला.”

सगळे पुन्हा दोराला बांधले गेले. मागे कडा, पुढे पांढरं काहीच नाही. एक, दोन, तीन. थोरलीने आता बाईंना एकटीनेच पाठुंगळी घेतलं होतं. शंभर. खडा. बाईंचे दात वाजत होते. एकशे नव्वद. एकशे चौऱ्याण्णव.

काहीच नव्हतं. बर्फ आणि धुकं!

“संपलं,” निरीक्षक हळूच म्हणाले.

“संपलं नाही. आपण आडवे सरकलो असू. टोळ, दोराच्या टोकाला जा. ताणून धर आणि माझ्याभोवती गोल फिर. मी हलत नाही.”

“आत्ताच तर टोकाला लटकून आलो!”

“मग सवय झाली असेल.”

टोळ धुक्यात गेला. दोर घड्याळाच्या काट्यासारखा फिरू लागला. पाव वर्तुळ. अर्धं. मग धप्प आवाज, आणि पाठोपाठ शिवी.

“सापडला!” टोळ ओरडला. “माझ्या नडगीला विचारा! सापडला!”

त्या वेळी दुपारचे तीन वाजून पाच मिनिटं झाली होती. सहाला दहा कमी असताना पाचही जण खोपीत होते.

खोपीत शेकोटी पेटल्यावर निरीक्षकांनी बूट काढले आणि बाईंना सरळ विचारलं, “चढावर पाऊल आखूड पडतं, हे तुम्हाला माहीत होतं?”

“सत्तावीस वर्षं,” बाई म्हणाल्या. त्यांच्या पायाला दोन काठ्या बांधल्या होत्या.

“आणि तुम्ही मुलांना सांगितलं नाहीत.”

“नाही. पहिल्या चढावर त्यांचं त्यांना सापडावं असं ठरवलं होतं. काल संध्याकाळी इथे आकडे तपासून घेणार होते. घळीतून आल्यावर सगळी गारठली होती. उद्या बघू म्हटलं.” त्या थांबल्या. “ती चूक माझी. तशीच लिहा.”

“लिहिणारच आहे,” निरीक्षक म्हणाले. “मुलगा मेला असता.”

“हो.”

थोरली सोललेल्या तळव्यांवर कापड गुंडाळत होती. “साहेब, एक विचारू? तुम्ही तर पुस्तकातून शिकलात. चढावरचं पाऊल तुम्हाला कोणी शिकवलं होतं?”

निरीक्षकांनी पाय आगीजवळ घेतले. मग म्हणाले, “पाठ होतं. तिसऱ्या प्रकरणात. दहा गुणांना यायचं.”

“मग धुक्यात का नाही आठवलं?”

त्यांनी लाकूड आगीत सरकवलं. 

शुक्रवारी बर्फ थांबला नाही. बाईंना ताप होता. पुन्हा वर जाणं शक्य नव्हतं, आणि वर जाऊ असं कोणी म्हटलंही नाही. पुटपुटीने खोपीच्या दगडी ओट्यावर कागद पसरला. पुलापासूनची प्रत्येक चढण साठने, प्रत्येक उतार अठ्ठ्याहत्तरने आणि सपाटी बहात्तरने पुन्हा मोजली. त्यात पूर्ण दिवस गेला. खांब ते खिंड तेराशे शहाऐंशी मीटर आलं. निरीक्षकांच्या छापील आकड्यापेक्षा चौदाने कमी, म्हणजे शंभरात एक. मंडळाने विसात एक चूक मान्य केली होती.

खिंडीपाशी मोजलेली रेघ थांबली. तिच्यापुढे कागद पांढरा होता.

निरीक्षक शेजारी येऊन बसले. “माझा नकाशा उडाला,” ते म्हणाले, “पण तो भाग मला पाठ आहे. खिंडीपासून नऊशे मीटर, आधी ईशान्य, मग उत्तर. एक छोटं तळं, त्यातून नदी. मी सांगतो, तू काढ. सही मीच करणार आहे.”

टोळ जवळ सरकला. थोरलीही.

“साहेब, तुम्ही पाहिलंय ते तळं?” पुटपुटीने विचारलं.

“मी? नाही.”

“मग मी कसं काढू?”

“अगं, चुकीचं थोडंच आहे ते! बरोबरच असेल. कोरा भाग म्हणजे नामंजूर, हे तुला कळतंय ना? तुझं काय होईल ते कळतंय ना?”

“इस्त्री होईल,” पुटपुटी म्हणाली. तिने पेन्सिल उचलली. “दोन वर्षं मला जे पाहिलं नाही ते लिहायला सांगितलं. मला ते जमलं नाही, म्हणून मी नापास. आता इतकं चालून आल्यावर पुन्हा तेच लिहू?”

तिने पांढऱ्या भागात, छोट्या पण स्पष्ट अक्षरात लिहिलं: ‘इथून पुढे आम्ही गेलो नाही.’ खाली तिघांच्या सह्या झाल्या. बाईंनी सही केली नाही. नकाशा आपला नाही, असं त्या म्हणाल्या.

रविवारी दुपारी दोन वाजता पाचही जण लोखंडी पुलावर पोचले. बाईंना घळीतून लाकडाच्या झोळीवर आणावं लागलं. पुढचा दांडा निरीक्षकांनी धरला होता.

त्यानंतरच्या घटना अशा. नकाशा सोमवारी मंडळात जमा झाला. निरीक्षकांचा अहवाल चौदा पानांचा आहे. त्यात बाईंच्या निष्काळजीपणावर दीड पान आहे आणि स्वतः नियम मोडल्याची कबुलीही आहे. चढावरच्या पावलाचं गणित त्यांनी पूर्ण उतरवून काढलं आहे. शिफारशीचा रकाना मात्र त्यांनी कोरा ठेवला. बाईंना चौकशी पूर्ण होईपर्यंत कामावरून दूर करण्यात आलं. त्यांच्या पायाला सहा आठवडे प्लास्टर आहे.

मंडळाची बैठक झाली, पण निर्णय झाला नाही. बैठकीनंतर पुटपुटीच्या नावाने एका ओळीचं पत्र आलं: नकाशातील कोऱ्या भागात काय आहे, ते आठ दिवसांत लेखी कळवावं. तिने दुसऱ्याच दिवशी उत्तर दिलं. तेही एका ओळीचं: ‘माहीत नाही, जाऊन पाहावं लागेल.’ आवक शिक्का मंगळवारचा, दुपारी सव्वाचारचा.

त्या उत्तराला आज एकवीस दिवस झाले. मंडळाकडून काही आलेलं नाही. शाळेच्या कारकुनाने पुटपुटीचा शाळा सोडल्याचा दाखला सही-शिक्क्यासह तयार ठेवला आहे. न्यायला या म्हणून घरी दोनदा निरोप गेला. काल संध्याकाळी कार्यालय बंद होईपर्यंत तो न्यायला कोणी आलेलं नव्हतं.